वृक्षफेरी घेणाऱ्यांसाठी: बारा झाडं, दोन तास आणि एक टेकडी

रविवारी सकाळी सोसायटीच्या, शाळेच्या किंवा ऑफिसच्या मंडळींना झाडं दाखवायला नेणारे आता बरेच जण आहेत. त्यांतले अनेक जण नंतर एकच गोष्ट सांगतात. पहिली वीस मिनिटं लोक कान देऊन ऐकतात, मग रेंगाळायला लागतात, मोबाईल काढतात, आणि शेवटच्या झाडापाशी चार-पाच जणच उरतात.

मी स्वतः फेऱ्या घेते आणि दुसऱ्यांच्या फेऱ्यांतही मागे मागे चालत जाते. गाडी अडते ती बहुतेक वेळा तीन ठिकाणी. दोन तासांत चाळीस झाडांची नावं सांगितली जातात. रस्ता आदल्या आठवड्यात चालून पाहिलेला नसतो. आणि शेवटी "चला, एक झाड लावूया" म्हणून जिथे लावू नये तिथे रोप खोचलं जातं. या तिन्ही चुका घरी बसून, तयारीतच टाळता येतात.

खालची उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मी तिथेच हिंडते. कोकणात किंवा विदर्भात झाडांची यादी बदलेल. कामाचा क्रम हाच राहील.

## १. रस्ता आखा, आणि छोटा आखा

दोन तासांसाठी एक ते सव्वा किलोमीटर पुरे. एका झाडापाशी सात-आठ मिनिटं धरली तर बारा झाडांना दीड तास जातो. उरलेला अर्धा तास चालणं, प्रश्न, पाणी पिणं आणि मागे राहिलेल्यांची वाट बघणं यात संपतो. तीन किलोमीटरचा रस्ता आखलात तर तुम्ही झाडं दाखवणार नाही, लोकांना पळवाल.

रस्ता तीनदा चाला. पहिल्यांदा महिनाभर आधी, मोकळेपणाने, वही घेऊन. दुसऱ्यांदा फेरीच्या आदल्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच वेळी. तिसऱ्यांदा आदल्या संध्याकाळी. दुसरी खेप लोक हमखास टाळतात, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची असते. ऊन कुठून येतं, भाजीची गाडी कुठे लागते, कोणत्या चौकात बसचा आवाज तुमचा आवाज गिळतो, हे त्या वेळेलाच कळतं. सूर्य लोकांच्या पाठीशी आणि तुमच्या तोंडावर हवा. उलट झालं की वर बघणारा प्रत्येक जण डोळे मिचकावतो आणि शेंड्यावरची फुलं कुणालाच दिसत नाहीत.

सुरुवात ओळखीच्या झाडापासून करा. गुलमोहर, कडुनिंब, आंबा, काहीही चालेल. ज्या झाडाखालून माणूस दहा वर्षं रोज गेला आहे, त्यात त्याने न पाहिलेली एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत दाखवता आली की पुढचे दोन तास तो तुमच्याबरोबर असतो.

तपासा: प्रत्येक थांब्यावर वीस माणसं गाडीरस्त्यावर न उतरता उभी राहू शकतात का? नसतील, तर ते झाड कितीही देखणं असो, यादीतून काढा. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे, हेही वहीत हवंच. ज्येष्ठ मंडळी हा प्रश्न तोंडाने विचारत नाहीत, ती पुढच्या वेळी येत नाहीत.

## २. बाराच झाडं, आणि प्रत्येकाला एकच काम

यादी करताना झाडाच्या नावापुढे एक ओळ लिहा: हे झाड मी कशासाठी दाखवते आहे? ओळ सुचली नाही तर झाड गाळा. माझ्या वहीतल्या काही ओळी अशा आहेत:

- उंबर: फूल कुठे असतं?
- पर्जन्यवृक्ष: पानं कधी मिटतात?
- सप्तपर्णी: पानं खरंच सात असतात का?
- आसुपालव: याला अशोक का म्हणतात आणि खरा अशोक कोणता?
- रस्त्याकडेचा काँक्रीटने वेढलेला वड: मुळांना हवा-पाणी कुठून मिळतं?

वडापाशी मी फक्त मोजपट्टी काढते. बुंध्यापासून काँक्रीटपर्यंत किती सेंटिमीटर माती उघडी आहे, ते दोघांना मोजायला लावते. मग सांगते की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. हातातल्या पट्टीवरचा आकडा आणि तो एक मीटर यांतलं अंतर लोकांना आपोआप दिसतं. त्यावर भाषण करावं लागत नाही.

ऋतू बघून यादी बदला. पुण्यात ढोबळमानाने जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर, मग पांगारा आणि पळस; मार्चमध्ये कुसुंबाची लालभडक पालवी आणि पिंपळाची तांबूस; एप्रिल-मे म्हणजे बहावा, ताम्हण, सोनमोहर, गुलमोहर; पावसाळ्यात कदंब; ऑक्टोबरात सप्तपर्णी; आणि त्यापुढे थंडीत पहाटे जमिनीवर पांढरा सडा घालणारं बुच. फुलांच्या मागे लागून पानगळ झालेली झाडं वगळू नका. निष्पर्ण काटेसावरीचं खोड, त्यावरचे शंकूसारखे काटे आणि आडव्या मजल्यांनी निघालेल्या फांद्या जितक्या स्वच्छ थंडीत दिसतात तितक्या भर पावसाळ्यात दिसत नाहीत.

परदेशी झाडंही यादीत असू द्या. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा, कैलासपतीही दक्षिण अमेरिकेतला. कैलासपतीच्या फुलात लोकांना पिंडीवर धरलेला नाग दिसतो, त्यामुळे ते झाड इथलंच असणार अशी बहुतेकांची खात्री असते. हे सांगताना आवाजात तिरस्कार येऊ देऊ नका. रस्त्यावर सावली देणारं परदेशी झाड आणि टेकडीवर गवताची जागा खाणारं परदेशी झाड, हे दोन वेगळे विषय आहेत. ते वेगळे आहेत हेच तर शेवटी टेकडीवर दाखवायचं आहे.

## ३. ओळख पक्की करा

इथे घाई केली की फेरीतला एखादा जाणकार आजोबा सगळ्यांसमोर दुरुस्ती करतो, आणि ते योग्यच असतं. माझ्यावर ही वेळ आली आहे. एका डिसेंबरात मी लांबून शेंगा बघून एका झाडाला ठामपणे बहावा म्हणून मोकळी झाले. खाली जाऊन पाहिलं तर तो बहाव्याच्याच जातकुळीतला, म्हणजे कॅशियाचा, दुसराच प्रकार होता, गुलाबी फुलांचा. तेव्हापासून माझा नियम: पान, साल, फळ किंवा फूल यांतल्या किमान दोन खुणा जुळल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही.

आधी पान कुठे संपतं ते ओळखा. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. कडुनिंबाचं "एक पान" म्हणून लोक जे तोडून दाखवतात ती पर्णिका, म्हणजे पानाचा एक तुकडा असतो; पान म्हणजे ती अख्खी काडी. ओळखायची खूण सोपी आहे: देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात बारीक कळी असेल, तर तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. पर्णिकेच्या बेचक्यात कळी नसते. भिंग द्या आणि प्रत्येकाला ती कळी स्वतः शोधू द्या. पाच मिनिटं जातात, पण त्यानंतर माणूस कुठल्याही झाडाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

नेहमी चुकणाऱ्या जोड्या घरी घोटून ठेवा.

गुलमोहर आणि जॅकरंडा: फुलं नसताना दोन्हींची पिसांसारखी पानं सारखी वाटतात. जॅकरंडाची पानं फांदीवर समोरासमोर येतात, गुलमोहराची एकाआड एक. गुलमोहराच्या शेंगा हातभर लांब, तलवारीसारख्या. जॅकरंडाची फळं गोल आणि चपटी. सोनमोहराच्या शेंगा छोट्या, पातळ आणि तांब्याच्या रंगाच्या.

आपटा आणि कांचन: दसऱ्याला कांचनाची पानं आपटा म्हणून सर्रास विकली जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि मऊ. दोन्ही पानं शेजारी शेजारी तळहातावर ठेवून दाखवा.

आसुपालव आणि सीताअशोक: आसुपालवाचं पान साधं, लांब, कडा नागमोडी. सीताअशोकाचं पान संयुक्त, म्हणजे अनेक पर्णिकांचं, कोवळेपणी खाली लोंबणारं, तांबूस. त्याची केशरी-लाल फुलं जून फांद्यांवरही गुच्छांनी येतात.

ओळख पटवणारी मोबाईल ॲपं मदतीला घ्या, पण साक्षीला नको. बागेतल्या परदेशी झाडांवर ती बरी चालतात. टेकडीवरच्या खुरट्या, गाईगुरांनी ओरबाडलेल्या मोईवर किंवा मेडशिंगीवर नेहमीच भरवसा ठेवता येत नाही.

सावध: बुंध्याचा घेर मोजून झाडाचं वय सांगू नका. घेर मोजा, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजा, नोंदही ठेवा. पण पाण्याजवळचा उंबर आणि मुरमातला उंबर एकाच वयात वेगळे वाढतात. "हा वड दोनशे वर्षांचा" हे वाक्य पुरावा हातात नसेल तर गिळून टाका.

## ४. परवानगी, माणसं, सामान

पुण्याच्या बऱ्याच टेकड्या वनखात्याकडे आहेत, बागा महापालिकेकडे, काही परिसर शिक्षणसंस्थांकडे किंवा लष्कराकडे. रोज फिरायला जाणाऱ्याला कुणी अडवत नाही म्हणून वीस जणांच्या गटालाही अडवणार नाही, असं धरून चालू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सोसायटीच्या आवारातलं झाड दाखवायचं असेल तर वॉचमनला आधी भेटा. फेरीच्या सकाळी गेटवर तोच उभा असतो.

एका वेळी पंधरा, फार तर वीस माणसं. त्यावर गेलं तर दोन गट करा. सर्वांत मागे चालणारा एक मदतनीस हवाच. त्याचं काम एकच: शेवटचा माणूस पोचला की हात वर करणं. त्याशिवाय तुम्ही बोलायला सुरुवात करायची नाही.

सामान: दहा पट मोठं दाखवणारी दोन-तीन भिंगं, मोजपट्टी, एक मीटर बाजूचा चौकोन होईल इतकी सुतळी आणि चार खुंट्या, पांढरं फडकं, कागदी पिशव्या, प्रथमोपचाराची पेटी, शिटी. लाऊडस्पीकर नको. आवाज पोचत नसेल तर गट मोठा आहे.

## ५. आदली संध्याकाळ

ही खेप झाडांसाठी कमी आणि धोक्यांसाठी जास्त आहे. छाटणी झाली आहे का, फांदी लोंबते आहे का, खड्डा खणला आहे का, ते बघा. आणि वर बघा. उंच झाडांवर आग्यामोहोळ असतं. गेल्या महिन्यात नसलेलं या आठवड्यात असू शकतं.

सावध: आग्यामोहोळ दिसलं तर तो थांबा रद्द करा. "लांबून दाखवते" नको. लोकांना आधीच सांगून ठेवा: उग्र अत्तर लावून येऊ नका, मोहोळाकडे दगड, धूर, फ्लॅश, ड्रोन काही नको. माशा उठल्याच तर तोंड झाकून बंद जागेकडे किंवा गाडीकडे सरळ धावायचं. हात झटकत उभं राहायचं नाही. कुणाला डंखानंतर श्वास लागला, ओठ-घसा सुजला, तर फेरी तिथेच थांबवून दवाखाना.

आणखी दोन-तीन गोष्टी: शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. बिब्ब्याचं तेल कातडीवर फोड आणतं. खाजकुयलीच्या शेंगांवरची लव नुसत्या वाऱ्यानेही अंगावर येते. बिट्टीच्या पिवळ्या फुलांशी मुलं खेळतात, पण झाड विषारी आहे, विशेषतः बिया. फेरीत काहीही तोंडात घालायचं नाही, चिंचसुद्धा, हा नियम सुरुवातीलाच सांगितला की नंतर कुणाला टोकावं लागत नाही.

## ६. झाडापाशी: आधी बघणं, मग नाव

प्रत्येक थांब्यावर क्रम हाच ठेवा.

१. सगळे पोचेपर्यंत गप्प राहा.
२. एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर बघून मिळेल, आठवून नाही.
३. दोन मिनिटं लोकांना बघू द्या. खाली पडलेलं उचलू द्या. तोडू देऊ नका.
४. त्यांचं म्हणणं ऐका.
५. मग नाव सांगा.
६. झाडाशी जोडलेला एखादा जीव दाखवा: पक्षी, मुंगी, सुरवंट, बुरशी, काहीही.

नाव आधी सांगितलं की काय होतं ते पाहा. लोक ते वहीत लिहितात, मान खाली जाते आणि झाड संपतं. माझं सगळं म्हणणं या एका क्रमात आहे.

उंबरापाशी हे कसं चालतं ते सांगते. मी विचारते, "उंबराचं फूल कुणी पाहिलंय?" सगळे हसतात, कारण उंबराचं फूल म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट, हे प्रत्येकाने घरी ऐकलेलं असतं. मग बुंध्यावरच्या घोसांतलं नुकतंच गळलेलं, अजून पुरतं न पिकलेलं एक उंबर मी नखाने मधोमध फोडते आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवते. आतल्या भिंतीला हजारो बारीक टोकं चिकटलेली असतात. ती फुलं. भिंगाखाली त्यांतून काहीतरी हलतं. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी, काळसर, पंखांची गांधीलमाशी बाहेर येते, पाय पुसते आणि फडक्यावर चालायला लागते. तिच्यामागे एक फिकट, बिनपंखांचा नर असतो. तो जन्मतो, मादीशी मीलन करतो, मादीला बाहेर पडायला बोगदा कोरतो आणि बहुधा या उंबराबाहेर न जाताच मरतो. मादी अंगावर पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या टोकाच्या चिंचोळ्या भोकातून आत शिरते. शिरताना तिचे पंख अनेकदा तुटतात. अंडी घालून ती तिथेच मरते.

एवढं झाल्यावर कुणीतरी हमखास हळूच विचारतं, "म्हणजे पिकलेलं उंबर खाताना आपण...?" हो. त्या प्रश्नावर घाई करू नका. लोकांना थोडं थांबू द्या.

तपासा: हा थांबा जुळवायचा तर आदल्या संध्याकाळी दोन-तीन उंबरं फोडून बघा. पूर्ण पिकलेल्यांतून गांधीलमाश्या आधीच निघून गेलेल्या असतात, आत मुंग्या आणि अळ्याच सापडतात. फार कच्च्यात काहीच हलत नाही. मधली अवस्था हवी.

लोकांना बोलू द्या, असं वर म्हटलं ते मनापासून. एका फेरीत एक आजी गप्प गप्प चालत होत्या. मोईपाशी आल्यावर म्हणाल्या, "ही तर आमची शिमटी. हिची फांदी नुसती रोवली तरी फुटते. आमच्या बांधाला हिचंच कुंपण होतं." त्यांच्या त्या तीन वाक्यांनंतर मला मोईबद्दल वेगळं काही सांगायचं उरलं नाही. स्थानिक नाव पुस्तकातल्या नावाशी जुळलं नाही तरी ते चूक नसतं. दोन्ही लिहून घ्या, गावाच्या नावासकट.

नेहमीची चूक: प्रत्येक झाडाचा औषधी उपयोग सांगणं. "हे मधुमेहावर, ते मुतखड्यावर" असं बोललेलं कुणीतरी घरी जाऊन करून बघतं. वैद्य नसाल तर हा विषय बाजूला ठेवा. कुणी विचारलंच तर सरळ सांगा की मला यातलं कळत नाही.

## ७. टेकडीवर: सुतळीचा चौकोन

रस्त्यावरची दहा झाडं झाली की शेवटची वीस-पंचवीस मिनिटं टेकडीच्या पायथ्याशी किंवा उतारावर राखून ठेवा. परिसर पूर्ववत करणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगून कळत नाही. दोन तुकडे शेजारी शेजारी दाखवावे लागतात.

पहिला तुकडा गिरिपुष्पाखालचा निवडा. याला आपल्याकडे उंदीरमारीही म्हणतात. मूळ मध्य अमेरिका आणि मेक्सिकोकडचं हे झाड वनीकरणात पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. फेब्रुवारीच्या सुमारास पानं गळून सगळा उतार फिकट गुलाबी होतो आणि लोक फोटो काढायला गर्दी करतात. त्याच्याखाली सुतळीचा एक मीटर बाजूचा चौकोन ठोका आणि तिघांना गुडघ्यावर बसवून आत जे जे उगवलं आहे ते मोजायला लावा: गवताचे प्रकार, रोपटी, मुंग्यांची भोकं, विष्ठा, पिसं, सगळं.

दुसरा चौकोन मोकळ्या गवताळ उतारावर, जिथे अधूनमधून पळस, हिवर, खैर, मेडशिंगी विखुरलेली आहेत. तिथेही तेच मोजा. पावसाळा संपताना गेलात तर कुसळी गवताची कुसळं मोज्यांत घुसतील. त्यातलं एक कुसळ ओलं करून तळहातावर ठेवा. त्याची शेपटी वळवळत फिरायला लागते, कारण ओल्या-सुक्या हवेत ती पीळ घालते आणि सोडते, आणि बी मातीत स्क्रूसारखं शिरतं. मुलांना हे दाखवलं की ती चौकोन सोडून उठत नाहीत.

आकडे दोन्ही गटांना मोठ्याने वाचायला सांगा. निष्कर्ष तुम्ही काढू नका. एका सकाळच्या दोन चौकोनांतून शास्त्र सिद्ध होत नाही, हेही सांगा. ऋतू, उतार, चराई, सगळ्याचा फरक पडतो. पण माळ म्हणजे रिकामी जागा, ही समजूत तिथे ढिली होते. चंडोल आणि तित्तर जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटं करतात. त्यांना झाडांची दाटी नको, गवत हवं असतं.

सावध: "मग ही उंदीरमारी आपणच तोडूया" असा उत्साह हमखास येतो. वनजमिनीवर परवानगीशिवाय एक फांदीही तोडता येत नाही. शहरात, खाजगी आवारातसुद्धा, १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडं संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. शिवाय अख्खा उतार एकदम मोकळा केला तर त्या जागी घाणेरी, गाजरगवत आणि केशरी फुलांचा कॉसमॉस भराभर पसरतो. काढायचं ते परवानगीने, थोडं थोडं, आणि मागे काय उगवतं यावर वर्षभर नजर ठेवून.

## ८. "आम्हाला झाड लावायचंय" म्हणणाऱ्यांना

हा आग्रह चांगल्या मनाने येतो, त्यामुळे नुसतं नाही म्हणू नका. फेरीत रोप लावू नका, पण काम द्या. क्रम असा:

आधी राखणं. वणवा आणि बेसुमार चराई थांबली तर पुष्कळ टेकड्यांवर मुळं आणि बी आधीच मातीत आहे. पळस, मोई, हिवर कितीदा जळूनही बुंध्यातून पुन्हा फुटतात. उन्हाळ्यापूर्वी वनखात्याच्या देखरेखीखाली जाळपट्टे (वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढायला माणसं लागतात. हे काम रोप लावण्याहून कष्टाचं आहे, आणि फोटोत दिसत नाही.

मग बी. रस्त्यावरच्या स्थानिक झाडांखाली पडलेलं बी गोळा करा. कडुनिंब, जांभूळ यांचं बी फार दिवस टिकत नाही. गोळा केलं की काही आठवड्यांत पेरायचं. पळसाची शेंग चपटी आणि हलकी असते, बी एकच आणि तेही टोकाला. अख्खी शेंग पेरण्यापेक्षा ते बी वेगळं काढा. बहाव्याच्या बीचं कवच कठीण. कानशीने किंवा पॉलिश पेपरने एका बाजूला थोडं घासून रात्रभर भिजत घाला. कुठल्या झाडाखालचं, कुठल्या तारखेचं, हे पिशवीवर लिहिलंच पाहिजे.

सर्वांत शेवटी लावणी, आणि तीही फक्त तिथे, जिथे झाड मुळात असायला हवं होतं. पर्यावरण दिन आहे म्हणून ५ जूनला लावू नका. पुण्यात मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो. तारीख साधण्यासाठी कोरड्या मुरमात खोचलेलं रोप त्या आठवड्यातच मान टाकतं. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर ओली झाली की लावा, म्हणजे मुळांना पुढचे तीन महिने मिळतात. पुरुषभर उंचीच्या रोपापेक्षा दीड-दोन फुटांचं रोप घ्या. मोठ्या रोपाची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असतात आणि ती तशीच फिरत राहतात. पिशवी पूर्ण काढा. खड्ड्याभोवती पालापाचोळा पसरा, पण बुंध्याला चिकटवू नका. आणि लावण्याआधी विचारा: पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार? माणसाचं नाव आणि वार सांगता आला नाही तर रोप नर्सरीत परत द्या.

बियांचे गोळे करून टेकडीवर फेकण्याचा कार्यक्रम घेऊ नका. मुलांना तो आवडतो, पण कुठल्या जातीचं बी कुठल्या मातीत जातंय याचा हिशेब त्यात राहत नाही, आणि सुबाभळीचं बी चुकून गेलं तर ते रुजतं आणि पसरतं.

आधी कुणी लावलेल्या रोपांपाशी फेरी नेता आली तर फार उत्तम. प्रत्येकाने रोपांभोवतीची दहा आळी मोजायची: किती जिवंत, किती वाळलेली, किती नुसत्या काठ्या.

## ९. फेरीनंतर

त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, वहीत चार गोष्टी लिहा: कुठल्या थांब्यावर लोक पुढे सरकायला तयार नव्हते, कुठे मागे रेंगाळले, कुठला प्रश्न आला ज्याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं, कुठल्या झाडावर तुम्ही चुकलात. दुसऱ्या दिवशी यातलं निम्मं आठवत नाही. अनुत्तरित प्रश्नाचं उत्तर शोधून आठवडाभरात गटाला कळवा. "बघून सांगते" म्हटलं आणि सांगितलं नाही, तर पुढच्या वेळी कुणी विचारत नाही.

फोटो आणि नोंदी आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायच्या असतील तर पान, साल आणि फळ असे तीन फोटो एकत्र टाका. नुसत्या हिरव्या शेंड्याच्या फोटोवरून ओळख पटवणं जाणकारालाही जमत नाही.

आणि तोच रस्ता पुन्हा घ्या. नवा शोधू नका. फेब्रुवारीत काटेसावरीला फुलं दाखवलीत, मार्च-एप्रिलमध्ये बोंडं फुटून कापूस उडताना दाखवा, पावसाळ्यात त्याच खोडावरचं शेवाळ आणि गोगलगायी. पहिल्या फेरीतले पाच जण जरी दुसऱ्यांदा आले, तरी त्या वेळी प्रश्न त्यांना विचारू द्या. तुम्ही सर्वांत मागे चाला आणि शेवटचा माणूस पोचला की हात वर करा.